बर्थाच्या पडवीतला शनिवार

शनिवारी दुपारचे तीन वाजले की आमच्या आळीत पोरींची रांग लागायची. क्लासला नाही, चर्चला नाही. बर्था तुस्कानोच्या पडवीत, उवा काढून घ्यायला. आता ऐकणाऱ्याला हसू येईल. येऊ दे. मीही अडतीस वर्षं हसलेच आहे.

मी सावित्री, बर्थाची शेजारीण. तिच्या वाडीत आणि आमच्या वाडीत मधे फक्त मेंदीचं कुंपण, आणि त्याला एक भगदाड. ते भगदाड कोणी बुजवलं नाही, कारण दिवसातून चारदा मी तिकडे नाहीतर ती इकडे. आम्ही हिंदू, ती ख्रिस्ती; पण केळी दोघींच्या त्याच, चवळीवर पडणारा मावा तोच आणि विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागल्यावर दिलेल्या शिव्याही त्याच. अंगानं ती काठी, बोलणं तुटक आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझा राग काही वेगळ्या जागी नाही, म्हणून आमचं जमलं.

तिनं लग्न केलं नाही. भाऊ बॅप्टिस्ट, त्याची बायको, त्यांची मुलं यांच्यात राहिली. वाडी बघायची, रविवारी मिस्साला जायची आणि शनिवारी पोरींची डोकी बघायची. याचे तिनं कधी पैसे घेतले नाहीत. कोणी नारळ आणला तर त्याचंच तेल पुढच्या शनिवारी पोरींच्या डोक्यात जायचं. पूर्वी आळीतल्याच पोरी असायच्या. मग बिल्डिंगा झाल्या, बिल्डिंगांतल्या यायला लागल्या. नंतर तर नालासोपाऱ्याहून आया रिक्षा करून पोरी आणायच्या. तिला हिंदी धड येत नव्हतं. "सर नीचे रखो, हलो मत," एवढ्यावर तिचं काम भागायचं.

तिची पद्धत ठरलेली. पोरगी समोर पाटावर. आधी डोकं हुंगायचं. मग आईला विचारायचं, "घरी काय लावलंस? खरं सांग." रॉकेल लावलं म्हटलं की त्या आईची काही खैर नसे. सीताफळाच्या बिया वाटून लावल्या म्हटलं तर त्याहून जास्त, कारण त्यानं डोळे जातात. मग भरपूर खोबरेल. केसांचे चार भाग. एकेक बट हातात धरून फणी मुळापासून टोकापर्यंत ओढायची, दरवेळी पांढऱ्या फडक्यावर पुसायची, बघायचं, पुन्हा ओढायची. लिखा सुटत नसतील तर कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर. एका डोक्याला तास जायचा. आणि एकदा करून भागत नाही. लिखेतून आठवड्याभरात नवी ऊ बाहेर पडते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी परत, असे पंधरा दिवस. मधेच कोणी दांडी मारली तर ही बया त्यांच्या घरी जाऊन उभी राहायची.

"काय गो, कुत्र्यासारखी हुंगतेस काय पोरींना?" मी एकदा चिडवलं.

"वास घ्यावा लागतो," ती म्हणाली.

"उवांना वास असतो?"

"उवांचा नाय घेत."

एवढंच. पुढे काही नाही. मला वाटलं, नेहमीचा तुसडेपणा.

आणखी दोन गोष्टी तिला चालत नसत. एक, पोरीचे केस कापणं. "तिनं काय गुन्हा केलाय?" म्हणून आईलाच झापायची. दुसरी, औषध. मेडिकलमधली बाटली कोणी दाखवली तर म्हणायची, "डॉक्टरनं लिहून दिली असेल तर दे. पण माझ्यासमोर नको." मी म्हणायचे, "बर्था, जग चंद्रावर गेलं आणि तू फणीवर अडकलीस." ती हसायची नाही. अशा वेळी ती नजरच द्यायची नाही.

आता माझं सांगते. सांगायची लाज वाटते, पण सांगते.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या, रेवाच्या, डोक्यात उवा झाल्या. माझ्या मुलाची, उमंगची मुलगी, नऊ वर्षांची, कंबरेपर्यंत केस. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली. सूनबाई अंधेरीला ऑफिसात, सकाळी सातला बाहेर ते रात्री आठला घरी. तिनं मला हात जोडले, "आई, तुम्हीच बघा ना काहीतरी." बघते म्हटलं. बर्थाकडे नेलं. तिनं फणी फिरवली, फडक्याकडे बघितलं, म्हणाली, "भरपूर झाल्यात. पंधरा दिवस लागतील."

पंधरा दिवस! आणि रविवारी चंदनसारला माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न. ती नणंद म्हणजे काय विचारू नका. पोरीला कोणी जवळ घेतलं, हिनं डोकं खाजवलं, की संपलं. वाडीवाल्यांकडे उवा निघाल्या हे विरारपर्यंत जाणार. मी म्हटलं, "बर्था, रविवारच्या आत कर."

"नाय होत."

"अगं, काहीतरी असेल ना?"

"नाय म्हटलं ना एकदा." आणि ती उठून आत गेली. मला राग आला. एवढी काय मिजास!

शुक्रवारी सकाळी आमचे हे काही कामाला वसईत गेले होते. घरात मी आणि रेवा. मागच्या पडवीत फवारणीचा पंप आणि खाली औषधाची बाटली. चवळीवर मावा पडला की आम्ही तेच मारतो. झाकणभर औषध, बादलीभर पाणी. संध्याकाळी फवारलं की सकाळी मावा साफ. तीस वर्षं बघतेय मी. बाटलीवरची लाल खूणही बघतेय. पण रोज बघितलेल्या गोष्टीची भीती कुठे राहते? मला वाटलं, एवढा चिवट मावा मरतो, तिथे ऊ म्हणजे किस झाड की पत्ती! पाणी जास्त घालू म्हटलं. मगभर पाण्यात अर्धं झाकण. शहाणपणा बघा माझा. बादलीला एक झाकण हे मला ठाऊक, आणि मगाला अर्धं म्हणजे कमी असं मी धरून चालले.

रेवाला पाटावर बसवलं. फडक्यानं मुळाशी लावलं, सगळे केस नीट भिजवले आणि वर जुन्या साडीचा तुकडा घट्ट बांधला. "आजी, घाण वास येतोय," ती म्हणाली. "सोस थोडं. परवा लग्नात गजरा घालायचाय ना?" मी म्हटलं. तिच्या हातात मोबाइल दिला आणि भांडी घासायला बसले.

दहा मिनिटं झाली असतील. कुंपणापलीकडून बर्थाची हाक आली. "सावित्री! आज पंप कोण मारतंय?"

"कोणी नाही."

"मग वास कुठून येतोय?"

मी भांडं घासता घासता म्हटलं, "रेवाच्या डोक्याला लावलंय थोडं. तू काही—"

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. एकसष्ट वर्षांची बाई त्या भगदाडातून अशी आली की तिचा गाऊन मेंदीत अडकून फाटला, तेही तिला कळलं नाही. तिनं रेवाच्या डोक्यावरचा तुकडा ओरबाडून काढला, पोरीला दंडाला धरून धुण्याच्या दगडावर ओढत नेलं, मोटर चालू केली आणि पाण्याचा पाइप तिच्या डोक्यावर धरला. अंगातला फ्रॉक टराटरा फाडून लांब फेकला. कपड्याचा साबण घेऊन डोकं, मान, कान, पाठ चोळायला लागली. रेवा किंचाळतेय, मी किंचाळतेय. "कात्री आण," ती म्हणाली. मी जागची हलले नाही. तिनं स्वतः आत जाऊन शिवणाच्या डब्यातली कात्री आणली आणि माझ्या नातीची वेणी कानाजवळून कापून टाकली.

मी तिला धक्का दिला. दोन्ही हातांनी. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "तुझी स्वतःची पोर असती तर असं केलं असतंस? तुला काय कळतं पोरीबाळीचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पुन्हा साबण लावला, पुन्हा पाणी. तीनदा, चारदा. मग पोरीला चादरीत गुंडाळून मला म्हणाली, "बाटली घे बरोबर. रिक्षा बघ."

रिक्षात रेवाच्या तोंडातून लाळ गळायला लागली. मला आधी वाटलं, रडून रडून तसं झालं असेल. मग ती घामानं निथळली, उलटी झाली. एक पापणी आपोआप उडायला लागली. मी "रेवा, रेवा" करत होते. बर्था तिला घट्ट धरून रिक्षावाल्याला ओरडत होती, आणि मधेच हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, प्रार्थना असेल. पण एक नाव कानावर आलं. प्रिस्का, प्रिस्का.

हॉस्पिटलात डॉक्टरनं बाटली बघितली, पोरीच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि धावाधाव सुरू झाली. सुई, सलाइन, आतल्या खोलीत. दरवाजा बंद. उमंगला फोन लावून मी तो बर्थाच्या हातात दिला. बर्थानंच सांगितलं.

दुपारी दोनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आली. तरुण पोरगी, माझ्या सुनेच्या वयाची. म्हणाली, "औषध लागू पडतंय. दोन दिवस ठेवावं लागेल. लगेच धुतलं म्हणून वाचली. धुवायचं कोणाला सुचलं?" मी बर्थाकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाली, "आजी, तुम्हाला कसं माहीत होतं?" बर्था उठली आणि जिन्याकडे गेली.

मी तिच्या मागे गेले. जिन्याच्या पायरीवर ती बसली होती, फाटका गाऊन मुठीत धरून. मी तिच्याशेजारी बसले. माफी मागायची होती, पण कुठून सुरुवात करावी कळेना. मी एवढंच विचारलं, "प्रिस्का कोण गो?"

अडतीस वर्षांत मी हे नाव तिच्या घरात ऐकलं नव्हतं.

"माझी बहीण," ती म्हणाली.

मग ती बोलली. भिंतीकडे बघत, कोणाला तरी पाठ म्हणून दाखवावं तशी.

ऐंशी सालचा मे महिना. बर्था सतरा वर्षांची, प्रिस्का नऊ. त्या रविवारी चर्चमध्ये प्रिस्काचं पहिलं कम्युनियन, मुलांना पहिल्यांदा प्रसादाची भाकर मिळते ते. त्या दिवशी पोरी नवरीसारख्या पांढऱ्या झग्यात असतात, डोक्यावर पांढरा वेल, जाळीची ओढणी. प्रत्येकीला नवा वेल घ्यायची तेव्हा कोणाची ऐपत नव्हती. आळीत एक चांगला वेल होता, मुंबईहून आणलेला, बारीक मोत्यांचा. ज्या बाईचा होता ती तो दरवर्षी एकेका घरी द्यायची. त्या वर्षी प्रिस्काचा नंबर होता. गुरुवारी ती बाई वेल घेऊन आली, तिनं पोरीच्या डोक्यावर ठेवून बघितला आणि लगेच काढून घेतला. "उवा भरल्यात हिच्या डोक्यात. माझा वेल मी देणार नाय," असं चार बायकांसमोर म्हणाली.

"प्रिस्का रडली नाय," बर्था म्हणाली. "ती मला म्हणाली, बाय, तू काढशील ना सगळ्या? मी म्हटलं, काढीन. दोन दिवस फणी मारली. संपेनात. शनिवारी आई बाजारात गेली. बाबांचा पंप ओट्यावर होता."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं, पण उठवतही नव्हतं.

"मी तुझ्यासारखंच लावलं गो, सावित्री. तसंच फडकं बांधलं. ती म्हणाली, गार गार लागतंय. मी म्हटलं, सहन कर, उद्या वेल घालायचाय. दोन तास ठेवलं मी. दोन तास. मग ती ओकली. आईला वाटलं, उन्हानं. कांदा फोडून हुंगायला दिला. फडकं सोडायचं कोणालाच सुचलं नाय. टेम्पो मिळेपर्यंत चार वाजले. वसईच्या होळी बाजारापर्यंतसुद्धा नाय पोचली."

मी तिचा हात धरला.

"आणि वेल?" कशाला विचारलं, मला माहीत नाही.

"मिळाला ना," ती म्हणाली. "ती बाईच घेऊन आली. रडत रडत पेटीत घातला तिनं प्रिस्काच्या डोक्यावर. कम्युनियनच्याच झग्यात पुरलं तिला."

तिच्या आईनं त्याच संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की पोरगी उलट्या-जुलाबानं गेली. दुसरं कोणी काही बोलायचं नाही. एक गेली, दुसरीला पोलिसांनी नेऊ नये आणि गावानं बोट दाखवू नये. बॅप्टिस्ट तेव्हा बावीसचा. त्यानं तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच. बर्थानं फादरला कन्फेशनमध्ये सांगितलं होतं. फादर म्हणाले, देवानं तुला माफ केलंय.

"देवानं केलं असेल," बर्था म्हणाली. "प्रिस्काला कोणी विचारलं?"

मला एकदम रडू फुटलं. आणि खरं सांगते, रडता रडता मला रागही आला. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं गप्प का बसलीस? अगं, मला सांगितलं असतंस तर मी त्या बाटलीला हात लावला असता का? नुसतं नको नको करतेस. का नको, ते सांगायला तुझी जीभ झडली होती?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर कोणत्या आईनं आपल्या पोरीचं डोकं माझ्या हातात दिलं असतं?"

मीच दिलं नसतं.

रेवा तिसऱ्या दिवशी घरी आली. लग्न राहिलं बाजूला. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रेवाचं अंथरूण तिनं आपल्या खोलीत नेलं. जन्मल्यापासून माझ्या कुशीत झोपणारी पोर. उमंग एवढंच म्हणाला, "आई, तुला वाचता येतं ना?" त्यानं बाटली कुठेतरी नेऊन टाकली. आमचे हे पंपाकडे बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. बाहेर आम्ही सांगितलं, पोरीला फूड पॉयझनिंग झालं. मीच सुचवलं ते. बर्थाच्या आईनं चव्वेचाळीस वर्षांपूर्वी जे केलं तेच मी केलं, आणि करताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गुरुवारी बर्था भगदाडातून आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "शनिवारी मी सगळ्यांना सांगणार हाय."

"काय सांगणार?"

"प्रिस्काचं. मी गप्प राहिले म्हणून तुझी रेवा जात होती. अजून कोणाच्या पडवीत बाटली असेल, मला काय ठाऊक?"

"वेडी झालीस का?" मी म्हटलं. "एकही पोर येणार नाही तुझ्याकडे."

"नाय आली तर नाय आली." पण मला माहीत आहे, त्या बाईकडे शनिवारखेरीज दुसरं काही नव्हतं.

संध्याकाळी बॅप्टिस्ट आला. सहासष्ट वर्षांचा माणूस, कधी आमच्या उंबऱ्यात न बसणारा, येऊन बसला. "सावित्रीबाय, तुमचं ऐकंल ती. आईला शब्द दिलाय आम्ही. माती होऊन गेली पोरीची, आता कशाला उकरायचं?" मी हो म्हटलं. समजावते म्हटलं. आणि मनातून मला त्याच्याइतकंच वाटत होतं, की हिनं बोलू नये. ती बोलली की माझंही निघणार. आपलं झाकून ठेवायची सवय काय फक्त तुस्कानोंच्या घरात आहे?

पण मी तिला समजावायला गेले नाही. दोनदा भगदाडापर्यंत गेले आणि परत आले.

शनिवारी तीन वाजता पडवी भरली. अकरा आया, चौदा-पंधरा पोरी. पुढे ॲनिशा तिच्या दोघी मुलींना घेऊन. ॲनिशा बॅप्टिस्टच्या बायकोची भाची; तिला लहानपणी बर्थानंच विंचरलेलं. मी दाराशी उभी राहिले. बर्था आज पाटावर बसली नाही. फणी हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "आधी मला बोलायचंय. पोरींना अंगणात पाठवा."

तिनं सांगितलं. जिन्यावर मला सांगितलं तसंच, पण आणखी थोडक्यात. माझी बहीण, नऊ वर्षांची. वाडीचं औषध. मी लावलं. ती मेली. आम्ही खोटं सांगितलं. "तुमच्या घरात पंप असेल तर बाटली कुलपात ठेवा. डोक्याला कधी लावू नका, कितीही पाणी घालून लावू नका. चुकून लागलं तर आधी धुवा, मग डॉक्टर." रेवाचं नाव तिनं घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नालासोपाऱ्याच्या एका बाईला सगळं कळलं नव्हतं. तिला शेजारणीनं हिंदीत सांगितलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

मग ॲनिशा उठली. "मावशी, आज मला जरा घाई आहे," म्हणाली आणि अंगणातून मुलींना हाक मारून फाटकाकडे निघाली. तिच्या मागे आणखी एक उठली. मग दोघी. कोणी रागानं गेलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. पदर सावरत, चपला शोधत, एकेक जण निघाली. नालासोपाऱ्याची बाई आणि दुसऱ्या दोघी-तिघी राहिल्या, पण पोरींना घट्ट जवळ धरून. पाटावर कोणी बसेना.

बर्था फणीकडे बघत उभी होती. चव्वेचाळीस वर्षं झाकलेलं तिनं उघडं केलं होतं, आणि जे होईल म्हणून भीत होती तेच तिच्या डोळ्यांसमोर होत होतं. ती हळूच फडकं घडी करायला लागली.

स्वतःची एवढी किळस मला जन्मात आली नव्हती. मी दारातून पुढे झाले.

"थांबा," मी म्हटलं. अंगणातल्या बायकाही थांबल्या, माझा आवाज तसा आहेच. "माझ्या रेवाला फूड पॉयझनिंग झालं नव्हतं. मी लावलं तिच्या डोक्याला चवळीचं औषध. गेल्या शुक्रवारी, या हातांनी. ती जिवंत आहे ती हिच्यामुळे. आणि हे धुवायचं असतं हे हिला का ठाऊक होतं, ते आत्ता ऐकलंत तुम्ही. आता कोणाला माझ्या नावानं बोटं मोडायची तर मोडा."

कोणी बोटं मोडली नाहीत. कोणी परतही आलं नाही. ॲनिशा फाटकापाशी पाठमोरी उभी होती, तशीच राहिली.

मी पाटावर बसले. गुडघे कुरकुरले. अंबाड्याचे आकडे काढले, केस पाठीवर सोडले. अर्धे पांढरे, विरळ झालेले. रेवा रोज माझ्याच कुशीत झोपायची, माझ्या डोक्यात काही नसेल असं मी कोणाला सांगणार होते?

बर्था मागे उभीच. हात वर येईना.

"बघतेस काय?" मी म्हटलं. "ओढ फणी. दुसऱ्या कोणाच्या हातात मी डोकं देणार नाही."

तिनं माझ्या केसांत नाक घातलं, नेहमीसारखं हुंगलं. मग तेल. मग फणी टाळूवर टेकली. दात कातडीत रुतले. मी डोकं आणखी खाली केलं.